‘कोसला’वाले नेमाडे सगळ्यांना माहीत, कवी आणि समीक्षक नेमाडे किती जणांना?

आपल्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात काव्यस्पर्धेचा परीक्षक म्हणून जायचा योग आला होता. चाळीसेक कविता होत्या. निम्म्याहून जास्त कवितांमध्ये समुद्र होता. लाटा, किनारा, वाळूत लिहिलेलं नाव, सगळं होतं. मुलं-मुली यावल, रावेर, चोपडा, मुक्ताईनगर इकडची. त्यातल्या बऱ्याच जणांनी समुद्र सिनेमातच पाहिला असणार. केळीवर एकही कविता नव्हती. तापीवर एक होती, पण तीही यमुनेसारखी वाटत होती.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाजवळ एक मुलगी मैत्रिणीला रात्रीचा किस्सा सांगत होती. लाईट रात्री एक वाजता आली, बाप मोटर चालू करायला मळ्यात गेला, आणि मागून आई बॅटरी घेऊन कशी पळाली, असं काहीतरी. ‘मले’, ‘तुले’, ‘कुठी’ करत ती असं रंगवून सांगत होती की आजूबाजूचे चार जण कप हातात धरून तसेच थांबले. तिची स्पर्धेतली कविता चांदण्यातल्या समुद्रावर होती.

मी तिला म्हटलं, हे जे आत्ता सांगितलंस ते का नाही लिहिलंस? ती म्हणाली, ‘सर, असं लिहिलेलं चालतं का?’

या प्रश्नावर आपल्याच पट्ट्यातल्या एका माणसाने आयुष्यातली पन्नासेक वर्षं खर्च केली आहेत. भालचंद्र नेमाडे. पण आपल्याकडे नेमाडे म्हटलं की ‘कोसला’, आणि फार तर ज्ञानपीठ. त्यांनी कविता लिहिल्या, आणि मराठी समीक्षेत मोठी खळबळ उडवून दिली, हे कॉलेजात मराठी घेतलेल्यांनाही नीट सांगता येत नाही. म्हणून हा लेख.

सांगवीचा पोरगा

नेमाड्यांचा जन्म 27 मे 1938 चा, यावल-रावेर पट्ट्यातल्या सांगवीचा. शेतकरी घर. हा पट्टा तेव्हाही नुसता शेतीचा नव्हता. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी तेव्हा हयात होत्या आणि जात्यावर, मळ्यात ओव्या रचत होत्या. पण त्या ओव्या छापून आल्या 1952 साली, त्या गेल्यानंतर. धरणगावचे बालकवी आधीच होऊन गेले होते. अंमळनेरला साने गुरुजी शिकवून गेले होते. म्हणजे लिहिण्याची हवा इथं होती. मात्र लिहून मोठं व्हायचं तर पुण्या-मुंबईला जायचं, हाही रिवाज होता.

नेमाडेही गेले. पुण्याला फर्ग्युसन कॉलेज, मग डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र, पुढे मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात एम.ए. पंचविशीत ‘कोसला’ लिहिली. 1963 साली ती आली आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. त्या कादंबरीच्या नायकाचं आडनाव सांगवीकर आहे. गावाचं नावच त्यांनी नायकाला दिलं. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, हॉस्टेलात राहतो, गॅदरिंगमध्ये पैसे बुडवून घेतो, आणि शेवटी हरून गावी परत येतो. आपल्या कितीतरी घरांत ही गोष्ट घडलेली आहे. फरक एवढाच की ती कुणी लिहीत नव्हतं.

नंतर पोटापाण्यासाठी नेमाडे मास्तरकी करत फिरले. अहमदनगर, धुळे, त्या वेळचं औरंगाबाद, लंडनचं स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज, गोवा, आणि शेवटी मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याचं गुरुदेव टागोर अध्यासन. शिकवायचा विषय बहुतेक वेळा इंग्रजी. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दोनच संग्रह

कवी म्हणून नेमाड्यांचा ऐवज लहान आहे. ‘मेलडी’ 1970 साली आणि ‘देखणी’ 1991 साली. वीस-एकवीस वर्षांत दोन पुस्तकं. आजकाल एखादा तालुका-कवी एवढ्या वेळात बारा संग्रह काढतो आणि प्रत्येकाला प्रस्तावना वेगळ्या प्राचार्यांची असते!

‘मेलडी’ ज्या काळात आली तो काळ समजून घेतला पाहिजे. 1955 च्या आसपासपासून मराठीत लघुअनियतकालिकांची चळवळ सुरू झाली होती. ‘अनियतकालिक’ हा शब्द अवघड वाटतो, अर्थ सोपा आहे. पैसे असतील तेव्हा निघणारं छोटं मासिक. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, अशोक शहाणे अशी तेव्हाची तरुण मंडळी स्वतःच अंक काढत होती. कारण मोठ्या मासिकांचे संपादक काय छापायचं हे ठरवत होते, आणि त्यांच्या चवीत हे पोरगे बसत नव्हते. ‘सत्यकथा’ हे तेव्हाचं सगळ्यात मानाचं मासिक. 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी त्याची जाहीर होळी केली, इतका राग साचला होता. नेमाडे औरंगाबादेत ‘वाचा’ नावाचं असंच अनियतकालिक चालवत होते. ‘मेलडी’ आली तीही त्याच वाचाच्या नावाने. म्हणजे मोठ्या प्रकाशकाच्या दारात उभं न राहता.

या कविता कशा आहेत? ओळी इथं देत नाही, पुस्तक हातात घेऊनच वाचाव्यात. पण काय अपेक्षा ठेवावी ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे त्या लगेच ‘सुंदर’ वाटत नाहीत. चंद्र, फूल, डोळे, आसवं हा नेहमीचा माल त्यांत जवळपास नाही. असला तर त्याची थोडी टर उडवलेली असते. ओळ लांब असते, बोलता बोलता वाढत जाते, आणि मध्येच एखादा जुना शब्द येतो, महानुभावांच्या पोथीतला किंवा आजीच्या तोंडातला. त्याला खेटूनच कॉलेज, एसटी, नोकरी असलं काहीतरी असतं. सातशे वर्षांची मराठी आणि कालची मराठी एकाच पंगतीत जेवायला बसलेली.

दुसरी गोष्ट, हसू. नेमाड्यांच्या कवितेत माणूस दुःखात असला तरी रडारड करत नाही. बायाबापड्या मरणाच्या दारातही जसं एखादं खोचक बोलून जातात, तसं ते असतं. आपल्याकडे दारावर बसलेल्या मंडळींत एखादी म्हातारी असं काही बोलते की लोकांना हसावं की रडावं कळत नाही. तो सूर त्यांना नेमका सापडला आहे. मराठी कवितेला पन्नास-शंभर वर्षं जे भावविवश व्हायची सवय लागली होती, तिच्यावर हा मोठा उतारा होता.

‘देखणी’ या नावाचीही गंमत आहे. आपल्याकडे देखणी म्हणजे दिसायला सुंदर. गोव्यात देखणी हा नाचगाण्याचा एक प्रकार आहे. नेमाडे गोव्यात शिकवायला होते. शब्द एकच, घरं दोन. कवीने अशा शब्दावर हात ठेवला तर त्यात नवल नाही.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर सगळ्या कविता सारख्या जमलेल्या नाहीत. काही ठिकाणी शब्दांच्या खेळात अर्थ हरवतो, आणि वाचणाऱ्याची दमछाक होते. कवितेपेक्षा कवितेचा कान त्यांना कादंबरीत जास्त उपयोगी पडला, असंही वाटतं. 2010 साली आलेल्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ या कादंबरीत मोरगाव नावाच्या खान्देशी गावातल्या बायका, म्हातारे, गडीमाणसं जेव्हा बोलू लागतात, तेव्हा ते गद्य असूनही मोठ्याने वाचावंसं वाटतं. वाचून पाहा. मनातल्या मनात वाचलं तर अर्धंच कळतं.

‘लेखकराव’ कोण असतो?

आता समीक्षक नेमाडे. समीक्षा म्हटलं की सर्वसाधारण वाचक पान उलटतो, आणि त्याची चूक नाही. आपल्याकडची बरीच समीक्षा अशी लिहिलेली असते की मूळ पुस्तक त्यापेक्षा सोपं वाटतं. नेमाड्यांची समीक्षा मात्र भांडणासारखी वाचता येते. शिवी कमी, चिमटा जास्त.

त्यांचा एक गाजलेला लेख आहे, ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ शीर्षकातच सगळं आलं. गावात एखाद्याला चार पैसे आले की त्याच्या नावाला ‘राव’ चिकटतो. तसं लेखकाचं होतं. पहिलं पुस्तक बरं निघतं. मग सत्कार, शाल, नारळ. मग कमिटीवर नेमणूक, पाठ्यपुस्तकात धडा, उद्घाटनं. लिहायचं राहून जातं, किंवा तेच ते लिहिलं जातं, कारण आता लोकांना आवडेल तेच द्यायचं असतं. असा हा लेखकराव. हे वाचताना आपल्या तालुक्यातले दोन-तीन चेहरे डोळ्यांसमोर आले नाहीत तर मला सांगा. (माझाही चेहरा असू शकतो. मागच्या वर्षी दोन शाली मिळाल्या.)

त्यांची समीक्षा मुख्यतः दोन मराठी पुस्तकांत सापडते. ‘साहित्याची भाषा’ 1987 चं, आणि ‘टीकास्वयंवर’ 1990 चं. ‘टीकास्वयंवर’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लक्षात घ्या, अकादमीने त्यांचा मान केला तो कादंबरीसाठी नाही, समीक्षेसाठी. याशिवाय तुकारामांवर त्यांनी इंग्रजीत एक छोटं पुस्तक लिहिलं, ते साहित्य अकादमीने 1980 साली काढलं. मराठीवर इंग्रजीचा काय परिणाम झाला यावरही त्यांचा इंग्रजी ग्रंथ आहे.

‘टीकास्वयंवर’मधला मराठी कादंबरीवरचा लेख मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यात त्यांनी जुनी पुस्तकं उचलून तीन वाटा दाखवल्या. 1857 साली आलेली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’. हिच्यात विधवांचे हाल आहेत, आजूबाजूचा समाज आहे. 1861 ची ‘मुक्तामाला’, अद्भुत, मनोरंजक. आणि 1871 ची ‘मोचनगड’, किल्ले-तलवारींची, इतिहासाची. मराठी वाचक पुढे शंभर वर्षं बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वाटेने गेला, आणि पहिली वाट, म्हणजे भोवतालच्या माणसांकडे बघण्याची, ओस पडली असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वाटेला त्यांनी जो मान दिला, तो मला महत्त्वाचा वाटतो. पदमनजी ख्रिस्ती झालेले गृहस्थ होते. धर्मप्रचाराच्या हेतूने लिहिणारे. तरी नेमाड्यांच्या लेखी या मातीतली कादंबरी लिहिण्याचा मान त्यांच्याकडे जातो. ‘देशीवाद’ या शब्दावर उड्या मारणाऱ्या काही मंडळींना ही गोष्ट सांगितली की ती गप्प होतात.

देशीवाद म्हणजे नेमकं काय?

देशी म्हटलं की आपल्याकडे लोक एक तर हसतात, एक तर गावरान कोंबडीबद्दल बोलू लागतात. शब्द मात्र जुना आणि मानाचा आहे. भारतीय संगीतशास्त्रात ‘मार्ग’ आणि ‘देशी’ असे दोन भाग पूर्वीपासून मानले जातात. मार्ग म्हणजे सगळीकडे सारखं, शास्त्राने बांधलेलं. देशी म्हणजे त्या त्या भागात, त्या त्या लोकांत रुजलेलं. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातही ही विभागणी आहे. देवगिरी म्हणजे आपला दौलताबाद, अजिंठ्याचा घाट चढला की अर्ध्या दिवसाचा रस्ता.

नेमाड्यांनी 1980 च्या दशकात हा शब्द साहित्याच्या चर्चेत आणला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : साहित्य हे कुठल्या तरी जमिनीवर, कुठल्या तरी भाषेत, कुठल्या तरी समाजात उगवतं. त्याला मोजायची पट्टीही तिथलीच हवी. लंडन-पॅरिसात एखादी फॅशन आली म्हणून इथल्या लेखकाने तशी कविता लिहायची, आणि समीक्षकाने तिकडच्या पुस्तकातले नियम लावून तिला मार्क द्यायचे, हा उद्योग त्यांना पटत नाही. मराठीला स्वतःची परंपरा आहे. महानुभावांचं ‘लीळाचरित्र’ आहे, ज्यात तेराव्या शतकातली माणसं जशी बोलत तशी बोलताना दिसतात. वारकऱ्यांची कविता आहे, तुकाराम आहे, पुढे महात्मा फुले आहेत. या ओळीत उभं राहून लिहा, असा त्यांचा आग्रह.

यावर पहिला प्रश्न येतो तो हा, की मग बाहेरचं काहीच घ्यायचं नाही का? इथे बरेच जण गडबड करतात. नेमाडे म्हणतात, घ्या. पण घेतलेल्याचं देशीकरण झालं पाहिजे.

हे समजायला आपल्याकडे केळीइतकं चांगलं उदाहरण नाही. रावेर-यावल भागात आज जी केळी सगळीकडे दिसते, ती शेतकरी ‘जी-नाईन’ म्हणतात. नावावरूनच कळतं, ती इथली नाही. ग्रँड नैन हे तिचं खरं नाव, आणि रोपं टिश्यू कल्चरची. पूर्वी इथे बसराई होती, श्रीमंती होती. नवीन वाण आला, पण आपल्या माणसांनी तो जसाच्या तसा नाही लावला. कांदेबाग कधी, मृगबाग कधी, उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याला आडोसा काय लावायचा, घड कधी कापायचा, हे सगळं इथल्या जमिनीला आणि हवामानाला धरून बसवलं. आज जळगावची केळी म्हणून दिल्लीला जाते ती हीच. याला देशीकरण म्हणायचं. वाण बाहेरचा, शेती आपली. हे उदाहरण माझं आहे, नेमाड्यांचं नाही, पण त्यांना फारसं नापसंत होणार नाही असं वाटतं.

आणि म्हणूनच मघाशी म्हटलं की ते आयुष्यभर इंग्रजी शिकवत होते हे ध्यानात ठेवा. इंग्रजी येत नाही म्हणून इंग्रजीला नाव ठेवणारा हा माणूस नाही. पोरांचं शिक्षण मातृभाषेत व्हावं यासाठी ते जाहीरपणे, कडक शब्दांत बोलत आले आहेत. आपल्या तालुक्यांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत गल्लोगल्ली इंग्रजी माध्यमाच्या शाळा झाल्या. तिथून पाचवीत गेलेल्या पोराला ना धड इंग्रजी येतं, ना मराठी वाचता येतं. हे पाहिलेल्या कुठल्याही पालकाला त्या बोलण्यातला मुद्दा कळतो, भले पोरगं तिथेच घातलेलं असो.

देशीवादाची चर्चा मराठीपुरती राहिली नाही. गणेश देवी यांनी 1992 च्या ‘आफ्टर अॅम्नेशिया’मध्ये भारतीय समीक्षेबद्दल याच अंगाने लिहिलं. 1997 साली साहित्य अकादमीने देशीवादावरच्या इंग्रजी निबंधांचा संग्रह काढला. पुढे 2009 मध्ये सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेने नेमाड्यांचं या विषयावरचं पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केलं. सांगवीतून निघालेला विचार सिमल्यापर्यंत गेला, आणि आपल्याकडे त्यावर एक व्याख्यान झाल्याचं मला तरी आठवत नाही.

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत

आपल्या जिल्ह्याचा माणूस म्हणून नुसती ओवाळणी करायची नाही. नेमाड्यांना तर ती मुळीच आवडणार नाही.

सगळ्यात मोठा आक्षेप जातीचा आहे. ‘आपली परंपरा’, ‘आपला गाव’ म्हणायचं, पण गाव कुणाचा? गावात राहून ज्यांना पाण्याला शिवू दिलं नाही, त्यांनी त्या परंपरेच्या ओळीत का उभं राहायचं? दलित आणि आंबेडकरवादी समीक्षकांनी हा प्रश्न स्पष्ट विचारला. नेमाडे जातीकडे समाजाची एक जुनी रचना म्हणून पाहतात आणि उच्चनीचता वेगळी काढू पाहतात. अनेकांना हे पटत नाही, मलाही पूर्ण पटत नाही. जातीतून उच्चनीचता वजा केली तर खाली काय उरतं, हे खेड्यात राहणाऱ्याला विचारून बघा. ‘हिंदू’ आल्यावर हा वाद पुन्हा पेटला. त्याच वेळी हेही खरं, की त्या कादंबरीतला हिंदू हा शब्द आजच्या राजकारणातला नाही. नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक, कादंबरी उघडते ती मोहेंजोदडोच्या उत्खननात, आज पाकिस्तानात असलेल्या जागी. हजारो वर्षांत इथे आलेल्या, राहिलेल्या सगळ्यांची ती अडगळ आहे.

दुसरा आक्षेप त्यांच्या फटकळपणाचा. लघुकथा हा प्रकारच त्यांना हलका वाटतो. एवढ्या चांगल्या कथा मराठीत असताना हे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. साहित्य संमेलनांवर त्यांनी वारंवार झोड उठवली. 2015 च्या फेब्रुवारीत 2014 सालचं ज्ञानपीठ जाहीर झालं. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा यांच्यानंतर मराठीतले ते चौथे, आणि तो पन्नासावा ज्ञानपीठ पुरस्कार होता. त्याच दिवसांत सलमान रश्दी आणि नायपॉल पश्चिमेला रुचेल असं लिहितात, अशा अर्थाचं ते बोलले. रश्दींनी ट्विटरवर त्यांना शिवी हासडली. दोन दिवस सगळ्या वाहिन्यांवर हेच. त्या गदारोळात ‘टीकास्वयंवर’ किंवा ‘देखणी’चं नाव एकदाही ऐकल्याचं मला आठवत नाही.

मग ‘मले’ लिहायचं का?

त्या मुलीकडे परत येतो. मी तिला हे सगळं सांगितलं नाही, तेवढा वेळही नव्हता. नेमाड्यांचं नाव सांगितलं. तिला ‘कोसला’ माहीत होती, अर्धी वाचलीही होती. मग तिने अगदी कामाचा प्रश्न विचारला. ‘सर, परीक्षेत मले लिहिलं तर मार्क कापतील ना?’

कापतील. खोटं कशाला सांगायचं? पेपर तपासणारा माणूस त्याखाली लाल रेघ मारणार.

पण तिच्या प्रश्नात एक गैरसमज होता, तो बऱ्याच जणांचा असतो. देशी लिहायचं म्हणजे प्रत्येक शब्द बोलीत लिहायचा असं नव्हे. ‘कोसला’ पूर्ण लेवा बोलीत किंवा अहिराणीत नाही. पुण्यात शिकलेल्या खान्देशी पोराची जी भाषा होते, पुस्तकी, कॉलेजची आणि घरची, तिन्ही मिसळलेली, त्या भाषेत ती आहे. कारण पांडुरंग सांगवीकर तसाच आहे. बहिणाबाईंची बोली बहिणाबाईंची होती, ती उसनी घेऊन आजच्या एम.ए.च्या मुलीने ओव्या लिहिल्या तर तीही नक्कलच. समुद्राची नक्कल नको तशी जात्याचीही नको. तुम्ही जिथे उभे आहात तिथली भाषा, मोबाईल, मोटर, लाईटचं वेळापत्रक, भावाची बोंब, सगळ्यासकट. नेमाड्यांच्या समीक्षेतून मला तरी एवढं उचलता आलं.

वाचायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर माझा क्रम असा. आधी ‘लेखकराव’चा लेख, तो तासाभरात होतो आणि हसू येतं. मग कादंबरीवरचा लेख. ‘देखणी’ एका बैठकीत वाचू नये, रोज एक-दोन कविता, मोठ्याने. देशीवादाचं लिखाण शेवटी, आणि त्याच्यासोबत दलित समीक्षकांचे आक्षेपही वाचावेत, नाहीतर एकाच बाजूचं पाणी पाजलं जातं.

मुलीने पुस्तकांची नावं हातावर पेनने लिहून घेतली. कॉलेजच्या ग्रंथालयात आम्ही दोघं गेलो. ‘कोसला’च्या तीन प्रती होत्या, दोन फाटलेल्या. ‘हिंदू’ची एक, कव्हर घातलेली, कुणी नेल्याची नोंद दोनदा. ‘टीकास्वयंवर’ रजिस्टरमध्ये होतं, कपाटात सापडलं नाही. ‘मेलडी’ आणि ‘देखणी’ रजिस्टरमध्येही नव्हत्या. ग्रंथपाल भला माणूस, त्याने यादीत नाव टाकतो म्हणून सांगितलं, आणि विचारलं, ‘नेमाडे कविता पण लिहितात का?’